सायंकाळी पडणारा मेन स्विच आणि सकाळचा ‘सर्व्हर डाउन’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कापसाची खरेदी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानांवर ‘सर्व्हर डाउन, शेतकरी ताटकळले’ अशा आशयाची बातमी दर हंगामात येते. कधी ती जळगाव जिल्ह्यातली असते, कधी धुळ्याची, तर कधी नंदुरबारकडची. बातमीत ट्रॅक्टरांच्या रांगेचे छायाचित्र असते, शेतकऱ्यांचा संताप असतो आणि तांत्रिक अडचण लवकरच दूर होईल असे आश्वासनही असते. ती अडचण नेमकी कोणती होती हे मात्र बातमीत नसते, आणि ती दूर झाल्यावर त्याबद्दल पुन्हा कुणी काही लिहीत नाही. गेली सतरा वर्षे मी खानदेशातील सहकारी संस्था, जिनिंग आणि पतसंस्था यांचे डेटाबेस सांभाळण्याचे काम करतो. त्या अनुभवातून या न लिहिल्या गेलेल्या भागाविषयी लिहीत आहे. विषय थोडा किचकट असल्याने पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

गेल्या हंगामात एका सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावर सलग तिसऱ्या दिवशी काम ठप्प झाल्यावर मला बोलावणे आले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील माणसे कामचुकार नव्हती आणि जे घडले ते इतर कितीतरी ठिकाणी आजही घडत असणार याची मला खात्री आहे. सकाळी आठ वाजता पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली होती. दोन रात्री ट्रॉलीखाली झोपून काढलेले एक आजोबा मला बघून म्हणाले, “भाऊ, आज तरी मशीन चालू व्हई का?” त्यांची काळजी केवळ थांबण्याची नव्हती. रात्रीच्या दवाने ताडपत्रीखालच्या कापसाचाही ओलावा वाढतो, आणि ओलावा वाढला की भाव कापला जातो. सर्व्हरच्या खोलीत झालेल्या चुकीची किंमत अशा रीतीने रांगेतला माणूस मोजत असतो, आणि म्हणूनच हा विषय फक्त संगणकवाल्यांचा नाही असे मला वाटते.

प्रत्यक्षात सर्व्हर ‘डाउन’ नव्हताच. यंत्र सुरू होते, नेटवर्क व्यवस्थित होते, कर्मचारी आपापल्या नावाने आत जाऊ शकत होते. परंतु एक वजनपावती निघायला चार-पाच मिनिटे लागत होती आणि चालू हंगामाच्या एकूण खरेदीचा अहवाल मागितला की तो संपतच नव्हता. आधीच्या दोन दिवसांत दोन सल्ले देऊन झाले होते. एकाने नवा, जास्त मेमरीचा सर्व्हर घ्या असे सांगितले होते. दुसऱ्याने चालू प्रक्रियांच्या यादीत ‘ऑटोव्हॅक्यूम’ हे नाव पाहिले, तेच सगळा वेळ खात आहे असे ठरवले आणि ते कायमचे बंद करून टाका असा सल्ला दिला. सुदैवाने सचिवांनी दोन्हींपैकी काहीच केले नव्हते. यातला दुसरा सल्ला मला खानदेशात इतक्या ठिकाणी ऐकायला मिळाला आहे की त्यातील धोका आधी सांगितला पाहिजे.

या केंद्रावरचा डेटाबेस पोस्टग्रेस हा होता. तो फुकट आणि भरवशाचा असल्याने आपल्याकडच्या अनेक संस्थांच्या सॉफ्टवेअरमागे तोच असतो. त्याची हिशेब ठेवण्याची पद्धत जुन्या पेढीवरच्या मुनीमजींसारखी आहे. मुनीमजी वहीतली चुकलेली ओळ खोडरबराने पुसत नाहीत; ती तशीच ठेवून खाली नवी ओळ लिहितात. पोस्टग्रेसही एखाद्या नोंदीत बदल झाला की जुनी ओळ पुसत नाही, नवी प्रत लिहितो, आणि नोंद रद्द केली तरी ती ओळ फक्त रद्द म्हणून खुणावतो. यामागे मोठे शहाणपण आहे. सकाळी दहा वाजता ज्याने बेरीज करायला घेतली त्याला दहा वाजताची वही शेवटपर्यंत तशीच दिसली पाहिजे, आणि त्याच वेळी काट्यावरच्या माणसाचे लिहिणेही थांबता कामा नये. दोघांना एकमेकांची वाट पाहायला न लावता काम करू देण्याची किंमत म्हणजे या मागे राहिलेल्या मृत ओळी. कापसाच्या एका ट्रॉलीची नोंद आवक, भरलेले वजन, ओलावा, रिकामे वजन, भाव आणि रक्कम अशा सहा टप्प्यांतून जाते. म्हणजे एक जिवंत ओळ तयार होताना पाच मृत ओळी मागे राहू शकतात. काही बदलांत पोस्टग्रेस त्याच पानावर जागच्या जागी आवराआवर करून घेतो हे खरे, परंतु ज्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे नोंद लवकर सापडावी म्हणून ठेवलेली सूची, आहे तो रकाना बदलला की ही सोय लागू पडत नाही, आणि येथे तर पावतीच्या स्थितीच्या रकान्यावरच इंडेक्स होता.

या मृत ओळींची जागा पुन्हा वापरायला मोकळी करणे म्हणजे व्हॅक्यूम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली पोस्टग्रेसचे काम सुरू केले, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटले आहे. पूर्वी ही साफसफाई माणसाने आठवणीने करावी लागे. ती आपोआप करणारे ऑटोव्हॅक्यूम २००५ मध्ये ८.१ या आवृत्तीत सर्व्हरच्या आत आले आणि २००८ च्या ८.३ पासून ते मुळातच सुरू असते. त्याचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. कोणत्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, साधारण किती आणि कशा ओळी आहेत याचा नमुना घेऊन ते अंदाज नोंदवून ठेवते. त्याला ॲनालाइझ म्हणतात. प्रश्न विचारला गेला की उत्तर कोणत्या वाटेने शोधायचे हे डेटाबेस याच अंदाजांवरून ठरवतो. अंदाज चुकले की वाट चुकते, आणि वाट चुकली की चांगले यंत्रही रांगते.

आता ही साफसफाई केव्हा करायची हे ऑटोव्हॅक्यूम कसे ठरवते, हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. ते साधारण दर मिनिटाला उठते आणि प्रत्येक टेबलाच्या गणतीकडे पाहते. नेहमीच्या मांडणीनुसार मृत ओळींची संख्या ५० अधिक टेबलातील एकूण ओळींच्या २० टक्के इतकी झाली की व्हॅक्यूम होते, आणि बदललेल्या ओळी ५० अधिक १० टक्के झाल्या की ॲनालाइझ होते. चार हजार ओळींच्या टेबलासाठी याचा अर्थ ८५० मृत ओळी, म्हणजे तासाभराचे काम. साठ लाख ओळींच्या टेबलासाठी मात्र तो आकडा १२ लाखांच्या वर जातो, आणि ॲनालाइझसाठीही सहा लाखांच्या वर बदल व्हावे लागतात. त्या केंद्रावरचे पावत्यांचे टेबल अनेक वर्षांच्या नोंदी साठून सुमारे साठ लाख ओळींचे झाले होते आणि दिवसाला त्यात तीस-चाळीस हजार बदल होत होते. म्हणजे सहा लाखांचा आकडा गाठायला पंधरा ते वीस दिवस हवेत, बारा लाखांचा गाठायला महिन्याच्या वर. हे दिवस सलग मिळाले असते तर कामही झाले असते.

मी नेहमीच्या क्रमाने पाहत गेलो. ऑटोव्हॅक्यूम सेटिंगमध्ये सुरू होते आणि त्याची प्रक्रिया जिवंत होती. छोटी टेबले स्वच्छ होती. मोठ्या टेबलांपुढे मात्र शेवटची आपोआप साफसफाई केव्हा झाली याचा रकानाच कोरा होता. त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की पावत्यांच्या टेबलातील मृत ओळींचा आकडा जेमतेम काही हजार दिसत होता. हा आकडा खरा मानला असता तर टेबल निरोगी म्हणून मी पुढे गेलो असतो. पण डिस्कवरची त्याची फाइल साठ लाख ओळींना लागावी त्याच्या कितीतरी पट मोठी होती. गणती सांगते टेबल स्वच्छ आहे आणि फाइल सांगते ते फुगले आहे. साफसफाई झालेलीच नसताना दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही, तेव्हा कुणीतरी खोटे बोलत होते. मी लॉग, म्हणजे डेटाबेस स्वतःच लिहून ठेवतो ती घडामोडींची नोंद, उघडला. रोज सकाळी साडेआठच्या सुमारास तेथे एकच ओळ होती: डेटाबेस नीट बंद केला गेला नव्हता, आपोआप पूर्ववत करणे सुरू आहे. रोज, रविवार वगळता, कित्येक महिने.

सचिवांना विचारले, त्यांनी पहारेकऱ्याला बोलावले. त्याने अगदी सरळ सांगितले, “साहेब, सहाला काटा बंद झाला की मी मेन स्विच पाडतो. जिनिंगचं आवार आहे, ठिणगी पडली तर गंजी पेटेल. तो यूपीएस ओरडत राहतो, म्हणून त्याचंही बटण दाबतो.” त्यात त्याचे काहीही चुकलेले नव्हते. कापसाच्या आवारात आगीची धास्ती बाळगलीच पाहिजे, आणि त्या स्विचवर सर्व्हरही आहे हे त्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते.

वीज अशी अचानक तोडली तरी पोस्टग्रेसमधील नोंदी जात नाहीत. प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहिला गेलेला असतो आणि सकाळी यंत्र सुरू होताच त्या नोंदवहीवरून सगळे पूर्ववत केले जाते. डेटा जात नाही, म्हणूनच हे वर्षानुवर्षे कुणाला खटकत नाही. पण एक गोष्ट मात्र जाते: ऑटोव्हॅक्यूम जिच्याकडे पाहून निर्णय घेते ती गणती. मृत ओळी किती, बदल किती, शेवटची साफसफाई केव्हा, हे आकडे सर्व्हर रीतसर बंद केला तरच पुढे टिकतात. तो अचानक पडला तर पुन्हा सुरू होताना ते पुसले जाऊन शून्यापासून सुरू होतात. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत ही आकडेवारी ठेवण्याची पद्धत बदलली, तरी हा नियम बदललेला नाही. म्हणजे त्या केंद्रावर दिवसभरात चाळीस हजारांपर्यंत पोहोचलेली गणती रोज संध्याकाळी सहा वाजता मरत होती. सहा लाखांचा किंवा बारा लाखांचा आकडा गाठला जाणे शक्यच नव्हते. छोट्या टेबलांचा आकडा दुपारपर्यंत गाठला जाई, म्हणून ती स्वच्छ राहत. ऑटोव्हॅक्यूम आजारी नव्हते, आळशी नव्हते. रोज सकाळी त्याची स्मृती पुसली जात होती.

मग काम नेमके याच आठवड्यात का अडले, हा सचिवांचा प्रश्न रास्त होता. नोंदींमध्ये हंगामाचा एक रकाना होता. डेटाबेसच्या शेवटच्या अंदाजात जुन्या हंगामांची पूर्ण यादी होती, नवा हंगाम त्यात नव्हता, कारण ॲनालाइझ त्यानंतर झालेच नव्हते. त्यामुळे चालू हंगामाच्या नोंदी मागितल्या की अशी एखादीच ओळ असेल असे धरून तो एका ओळीला सोयीची वाट निवडत होता, आणि प्रत्यक्षात तेथे हजारो ओळी असल्याने तीच वाट हजारो वेळा तुडवत होता. पहिल्या दिवशी ते कळले नाही. नोंदी वाढत गेल्या तसे दर दिवशी काम जड होत गेले आणि अखेर थांबले. मी संपूर्ण डेटाबेसवर हाताने ॲनालाइझ चालवले. त्याला मोजकी मिनिटे लागली, आणि त्यानंतरची पहिली पावती लगेच बाहेर आली. त्या दिवशी रांग संध्याकाळपर्यंत निम्मी झाली. नवा सर्व्हर घेतला असता तर हीच चुकलेली वाट त्याने थोडी लवकर तुडवली असती, इतकेच.

फुगलेले टेबल ही मात्र वेगळी गोष्ट होती. त्या रात्री सर्व्हरचा स्विच सुरू ठेवून साधे व्हॅक्यूम चालवले. ते चालू असताना वाचणे-लिहिणे थांबत नाही, म्हणून ते केव्हाही करता येते. सकाळी अध्यक्षांनी फाइलचा आकार पाहिला आणि तो कमी झाला नाही म्हणून नाराजी व्यक्त केली. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. साधे व्हॅक्यूम जागा डिस्कला परत देत नाही, शेवटची पाने रिकामी सापडली तर तेवढीच काय ती परत जातात. एरवी ते जागा त्याच टेबलातील पुढच्या नोंदींसाठी मोकळी करते, आणि रोजच्या कामासाठी तेवढे पुरते. फाइलच लहान करायची तर व्हॅक्यूम फुल करावे लागते. ते टेबल नव्याने लिहून काढते, त्यासाठी नव्या प्रतीएवढी मोकळी जागा लागते, आणि ते चालू असेपर्यंत त्या टेबलाला कुणालाही हात लावता येत नाही. भर हंगामात, रांग उभी असताना घाबरून हा आदेश दिला की पावत्या मंद होण्याऐवजी पूर्ण बंद पडतात. आम्ही ते काम खरेदी आटोपल्यावर एका सुट्टीच्या दिवशी केले.

ऑटोव्हॅक्यूम बंद करण्याच्या सल्ल्याकडे पुन्हा येतो, कारण तो कुठून जन्मतो हे मला धुळ्याकडच्या एका पतसंस्थेत समजले. तेथे सर्व्हर चोवीस तास सुरू असे, म्हणून गणती शाबूत होती. यादीत ऑटोव्हॅक्यूम दिवसभर दिसे, प्रोसेसर तापलेला असे, आणि टेबल तरीही फुगत चालले होते. लॉगमध्ये प्रत्येक फेरीनंतर एकच गोष्ट लिहिलेली होती: मृत ओळी इतक्या लाख, पण अजून काढता येत नाहीत. एका अधिकाऱ्याने आठ दिवसांपूर्वी आपल्या लॅपटॉपवरून एका खात्यातील नोंद दुरुस्त केली होती, पण तो बदल कमिट, म्हणजे पक्का, केला नव्हता, आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ते लग्नाला गेले होते. ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट, उघडे असेपर्यंत त्याच्या नंतर मेलेली एकही ओळ काढण्याचा अधिकार साफसफाईला नसतो. ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला उठून तेच टेबल पूर्ण चाळत होते आणि रिकाम्या हाताने परत येत होते. ते गुन्हेगार दिसत होते, होते मात्र हात बांधलेले. अधिकाऱ्यांना फोन करून, विचारून ते सत्र बंद केले आणि पुढच्याच फेरीत लाखो ओळी निघाल्या. असे रिकामे उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडण्याची सोय २०१६ च्या ९.६ या आवृत्तीपासून आहे, परंतु ती मुळात बंद असते आणि कुणीतरी आठवणीने सुरू करावी लागते. हाच परिणाम प्रतिकृतीसाठी, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर चालती प्रत ठेवण्यासाठी, तयार करून नंतर विसरलेल्या रेप्लिकेशन स्लॉट या खुणेनेही होतो, आणि आधी तयारी आणि मग पक्के करणे अशा दोन टप्प्यांच्या, अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शननेही. ही दोन्ही तर वीज गेली तरी टिकून राहतात.

कधी कधी साफसफाई खरोखरच मंद असते, हेही सांगितले पाहिजे. ती इतर कामाला अडथळा होऊ नये म्हणून मुद्दाम थांबत-थांबत चालते. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपूर्वी हा विसावा २० मिलिसेकंदांचा होता, नंतर तो दोनवर आणला गेला. म्हणजे जुन्या आवृत्तीत ती सेकंदाला जेमतेम चार एमबी पाने साफ करून लिहू शकत असे. आपल्या भागात जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे. अशा वेळी काही जण साफसफाई करणाऱ्या प्रक्रियांची संख्या तीनवरून सहावर नेतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून हताश होतात. या सगळ्यांना मिळून कामाचा एकच वाटा ठरलेला असतो. वाटा न वाढवता माणसे वाढवली की प्रत्येक जण आणखी सावकाश काम करतो, इतकेच. वाटा वाढवावा, आणि मोठ्या टेबलांपुरते ते २० टक्क्यांचे प्रमाण दोन-एक टक्क्यांवर आणावे. हे प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्रपणे ठरवता येते, त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही.

आणि बंद करण्याचा शेवट कुठे होतो, तेही वाचकांना कळू द्यावे. पोस्टग्रेस प्रत्येक ट्रान्झॅक्शनला ३२ बिटांचा क्रमांक देतो. असे क्रमांक सुमारे ४२९ कोटी आहेत आणि त्यांपैकी निम्मेच कोणत्याही क्षणी ‘मागचे’ म्हणून ओळखता येतात. जुन्या ओळींवर कायमची खूण करून हे क्रमांक पुन्हा वापरण्याजोगे ठेवणे हेही व्हॅक्यूमचेच काम आहे. म्हणून एखाद्या टेबलाचे वय २० कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेले असले तरी ते जबरदस्तीने सुरू होते. हे वय त्या पुसल्या जाणाऱ्या गणतीत नसून टेबलाच्या मूळ नोंदीत असते, त्यामुळे वीज गेली तरी ते टिकते. नेहमीची फेरी दुसऱ्या कामाला वाट करून देण्यासाठी मागे हटते, ही फेरी हटत नाही, आणि नेमके हे न कळल्यामुळे लोक तिला मारत राहतात. ती पुन्हा सुरू होते, हे पुन्हा मारतात. असे फार काळ चालले तर शेवटी डेटाबेस नवे लिखाण घेणेच थांबवतो, जुना हिशेब बिघडू नये म्हणून. २०१९ च्या फेब्रुवारीत ईमेल पाठवणारी मँड्रिल ही मोठी अमेरिकन सेवा याच कारणाने विस्कळीत झाली होती. आमच्या केंद्राएवढ्या कामाला तेथवर पोहोचायला पुष्कळ वर्षे लागतील, पण पतसंस्थांचे व्यवहार आता मोबाइलवरून होऊ लागले आहेत आणि ती वर्षे भराभर कमी होत आहेत.

आपल्या भागाची परिस्थिती या बाबतीत अवघड आहे, हे मी पहिल्यापासून पाहत आलो आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत संपतात, फीडर केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च संचालक मंडळाच्या सभेत सर्वांत शेवटी येतो. पावसाळ्यात वीज जाण्याचे कारण बदलते, जाणे बदलत नाही. त्यामुळे आमच्याकडची साफसफाई पुण्या-मुंबईच्या सर्व्हरसारखी आपोआप चालेल असे गृहीत धरता येत नाही. माझ्याकडे कामाला येणारी मुलेमुली जॉइन आणि नॉर्मलायझेशन हे डेटाबेसचे पुस्तकी धडे उत्तम जाणतात, पण लॉग वाचायला दिला की गोंधळतात. तो त्यांचा दोष नाही. त्यांना तो कधी कुणी वाचायला दिलेलाच नसतो. शिकवणाऱ्यांनी एका सत्रात एकदा तरी चालू सर्व्हरचा प्लग काढून, तो पुन्हा सुरू करून, गणती शून्य झालेली मुलांना डोळ्यांनी दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संस्थांच्या संचालकांना माझे सांगणे खर्चाचे नाही. सर्व्हरची वीज मेन स्विचच्या आधीच्या स्वतंत्र एमसीबीवर (छोट्या सुरक्षा-स्विचवर) घ्यावी. आगीच्या धास्तीने तोही बंद ठेवायचा असेल तर आधी डेटाबेसची सेवा रीतसर थांबवून मगच तो पाडावा, आणि हे काम ज्याच्या हातात किल्ली असते त्या माणसाला समजावून द्यावे. यूपीएसची सिग्नलची तार सर्व्हरला जोडावी, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. ही तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली मला सापडते. वीज अचानक गेलेल्या प्रत्येक दिवशी, यंत्र सुरू झाल्यावर एकदा ॲनालाइझ चालवावे. त्याने अंदाज ताजे होतात आणि मृत ओळींची गणतीही पुन्हा जागेवर येते. ऑटोव्हॅक्यूमच्या प्रत्येक फेरीची नोंद लॉगमध्ये पडेल अशी मांडणी करावी, आणि आठवड्यातून अर्धा तास तो लॉग वाचण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्यावी. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी वार्षिक करार करतानाही ही अर्ध्या तासाची गोष्ट त्यात शब्दांत यावी. मी पाहिलेल्या करारांत प्रिंटरच्या शाईचा उल्लेख असतो, याचा नसतो.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या केंद्रावर ‘सर्व्हर डाउन’ झाल्याचे कळले तर तेथील जबाबदार व्यक्तीला विचारावे की सर्व्हर खरोखर बंद होता की मंद होता; आदल्या संध्याकाळी तो कसा बंद केला गेला; आणि डेटाबेसचा लॉग शेवटचा केव्हा, कुणी वाचला. उत्तर काहीही येवो, ते छापावे. पुढच्या संस्थेच्या सचिवाला ते वाचून आपल्या पहारेकऱ्याला एक प्रश्न विचारावासा वाटला तरी एखादी रांग लागायची थांबेल.

ज्या केंद्राबद्दल मी लिहिले, तेथे आता सर्व्हरची वीज स्वतंत्र केली आहे, पावत्यांच्या टेबलाचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले आहे, आणि नव्या एमसीबीवर त्या पहारेकऱ्याने स्वतःच्या अक्षरात ‘हा पाडू नये’ अशी चिकटपट्टी लावली आहे. खरेदीचा पुढचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होईल. त्याआधी तिन्ही जिल्ह्यांतील कोणत्याही सहकारी संस्थेला आपल्या सर्व्हरची अशी तपासणी करून हवी असेल तर मी रविवारी, विनामूल्य, येऊन ती करून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे. तो विचारणाऱ्या संस्थेला अवश्य द्यावा.

आपला विश्वासू,
डेटाबेस देखभाल करणारा एक वाचक,
जळगाव